धम्मरत्न ओव्हाळनं फोन काढला की

धम्मरत्न ओव्हाळनं खिशातून फोन काढला, आडवा धरला आणि एक डोळा बारीक केला, की संत तुकाराम नगरचा चौक रिकामा व्हायला लागायचा.

आधी ट्रिपल सीटवाली पोरं गाडी वळवायची आणि सगळ्यात मागं बसलेला हात मागं नेऊन नंबर प्लेट झाकायचा. मग बिनहेल्मेटचे एखादे काका गाडीवरून उतरून ती ढकलत चालायला लागायचे, जसं काही पेट्रोलच संपलंय. रिक्षावाले पट्ट्याच्या आत सरकायचे. मग हातगाड्यांची पळापळ. शहाळेवाला कोयता तिथंच टाकायचा, कणीसवाली निखाऱ्यांसकट शेगडी उचलायची. फोन खाली येईपर्यंत चौकात उरायचा एक सिग्नल आणि एक कुत्रं. तेही पाठमोरं.

आता हा माणूस पोलीस नव्हता, अतिक्रमणवाला नव्हता, पत्रकार तर नव्हताच नव्हता. चाकणच्या एका कंपनीत तो डिस्पॅचला होता. गाड्यांचे पार्ट क्रेटमध्ये बसवायचे, लेबल बघायचं, ट्रक भरायचा, तो गेला की पुढच्याची वाट बघायची. उंची दांडगी, मिशी भरघोस, पोट त्याच्या आधी दारातून आत शिरायचं. आवाज असा, की बायकोच्या कानात काही सांगायला गेला तरी खालच्या मजल्यावरून उत्तर यायचं.

फोटोचं खूळ त्याला कंपनीच्या बसमध्ये लागलं. सकाळची शिफ्ट, अंधारात बस पकडायची, बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले. ह्याला झोप येत नसे. खिडकीतून तळवड्याच्या बाजूला एक दिवस उजेड असा काही फुटला, की ह्यानं नकळत फोन काढून फोटो घेतला आणि दिवसभर तो क्रेटच्या आडोशाला उभा राहून बघायचं ठरवलं. बघता मात्र आला नाही, कारण कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला फोनच काढून ठेवून घेतो. शिफ्ट सुटेपर्यंत त्याचा जीव त्या फोटोत अडकून राहिला. तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं.

मग कुणीतरी त्याला 'रोज एक फोटो' नावाच्या ग्रुपवर घेतलं. महिनाभर रोज एक फोटो टाकायचा, तोही आपल्याच आसपासचा. कुठं डोंगरावर, समुद्रावर जायचं नाही. एक दिवस चुकला की बाहेर. महिना पुरा करणाऱ्यांचे फोटो नगरातल्या समाजमंदिरात प्रदर्शनात लागणार. ग्रुपचा मुख्य होता पुनावळ्याचा गणराज. आयटीतला, उंच टॉवरात राहणारा, मऊ बोलणारा, सगळ्यांना सर म्हणणारा माणूस. वाईट अजिबात नव्हता. फक्त कुठल्याही फोटोखाली 'यात कथन दिसत नाही' असं लिहायची त्याला सवय होती, आणि ते वाचून धम्मरत्नचं डोकं सटकायचं.

ह्यात एक घोडचूक धम्मरत्ननं स्वतः केली. महिना निम्मा व्हायच्या आतच त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, की आपले फोटो प्रदर्शनात लागतायत. बसमध्ये सांगितलं, सोसायटीत सांगितलं, सासुरवाडीला फोन करून सांगितलं. आणि नको त्या माणसाला, म्हणजे मेहुण्याला, रोहिदासला सांगितलं. रोहिदास त्याच कंपनीत, त्याच बसला. धम्मरत्ननं आजवर सुरू करून सोडून दिलेल्या सगळ्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या: बासरी, योगासनं, मधमाश्या पाळायचा क्लास. तो रोज सकाळी बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "काय दाजी, अजून चालूय का?" बस हसायची. आता प्रदर्शन हुकलं असतं तर धम्मरत्नला ती बस बदलावी लागली असती, आणि बस बदलायची म्हणजे नोकरीच बदलायची.

पहिले पंधरा दिवस गाडी बरी चालली. गळका नळ झाला, गच्चीवरच्या टाक्या झाल्या, वाळत घातलेली चादर, जिन्याखालची शिडी, मेट्रोच्या खांबाला चिकटलेली जाहिरात. मग गणराजचा संदेश आला. ओव्हाळ सर, तुमच्या फोटोत माणूसच नाही. एवढ्या गर्दीच्या शहरात माणसं गेली कुठं?

पळून गेली, असं लिहायचं धम्मरत्नच्या अगदी बोटापर्यंत आलं होतं.

महिना संपत आला तेव्हा त्याचा पुढचा संदेश आला, तो सगळ्यांनाच होता. शेवटच्या दिवसाचा विषय ठरला: एक अनोळखी माणूस, स्वतःच्या मर्जीनं, सरळ कॅमेऱ्यात बघणारा. गुरुवारी दिवस मावळेपर्यंत टाकायचा. ज्याला हे जमणार नाही त्याचा महिना पुरा झाला असं धरणार नाही.

बाकीच्यांना ह्यात अवघड असं काही नव्हतं. ते फोन काढायचे आणि लोक दात काढून उभे राहायचे. धम्मरत्ननं रविवारपासून धडपड चालू केली. चौकात एका म्हाताऱ्या गृहस्थापुढं फोन धरला, तर त्यांनी शांतपणे खिशातून लायसन, गाडीची कागदं आणि पीयूसी काढून त्याच्यासमोर पंख्यासारखी उघडून धरली. फोटोत कागद स्पष्ट आले, गृहस्थ त्यांच्या मागं. भाजी मंडईत एका बाईकडं फोन वळवला तर तिनं वांगी पाठीमागं लपवली. वांगी कशासाठी लपवली हे तिलाही नंतर सांगता आलं नाही.

घरी येऊन तो दीक्षापुढं तणतणला. दीक्षा एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "अहो, मी लोकांना सुई टोचते, तरी लोक माझ्यापुढं हात करतात. तुमच्यापुढं पळतात. जरा आरशात बघा."

"काय बघू?"

"वर काय घातलंय? पांढरा. खाली काय घातलंय? खाकी."

कंपनीचा युनिफॉर्म. वर्षाला तीन जोड मिळतात, फाटता फाटत नाहीत, म्हणून हा माणूस आठवडाभर, घरीदारी, लग्नाला आणि दहाव्यालासुद्धा तेच घालायचा. पांढरा शर्ट, खाकी पँट, काळे सेफ्टी शूज, मिशी, पोट. हातात आडवा फोन. चौकात ह्या ऐवजाला दुसरं नाव नसतं. पावती घरपोच येणार, एवढंच लोकांना कळायचं.

सोमवारी शिफ्टवरून आल्यावर त्यानं रोहिदासच्या लग्नात घेतलेला फुलाफुलांचा शर्ट घातला. चौकात गेला. पाच मिनिटात पानवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत बातमी पोचली, की साहेब आज सिव्हिल ड्रेसमध्ये आलेत, म्हणजे काहीतरी मोठं आहे. त्या दिवशी चौक आणखी लवकर रिकामा झाला. एक जण मात्र स्वतःहून जवळ आला. धम्मरत्न खूश. त्या माणसानं खालच्या आवाजात सांगितलं, की हेल्मेट आहे साहेब, घरी आहे, बायकोला विचारा.

मंगळवारी त्यानं कॉलनीच्या उत्सव मंडळाचा टी-शर्ट चढवला. पाठीवर मोठ्या अक्षरात 'कार्यकर्ता'. आता तरी लोक आपला समजतील म्हणून तो थेट दुकानांच्या ओळीत शिरला. किराणावाल्यानं त्याला लांबूनच पाहिलं आणि निम्मं शटर खाली घेतलं. शेजारच्या स्टेशनरीवाल्यानं पूर्ण घेतलं. तिसरा सापडला, पण त्यानं हात जोडून सांगितलं, की वर्गणी मागच्याच महिन्यात दिलीय, पावती गावाकडं राहिलीय.

बुधवारी सेकंड शिफ्टचा माणूस आला नाही म्हणून ह्याला ओव्हरटाइम करावा लागला. रोहिदास तेवढा सुटून घरी जाताना ट्रकपाशी येऊन टेकला आणि म्हणाला, की दाजी, माझाच काढा, मी कॅमेऱ्यात बघतो. धम्मरत्ननं त्याला नियम सांगितला, अनोळखी माणूस पाहिजे. मग मी उद्यापासून ओळख देत नाही, म्हणून तो हसत गेला. ते हसणं धम्मरत्नला पार घरापर्यंत पुरलं.

आणि गुरुवार उजाडला. ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात रविवार नाही, गुरुवार सुट्टीचा. फुलाफुलांचा शर्ट धुवायला पडलेला, टी-शर्टला मसाल्याचा डाग. धम्मरत्न म्हणाला, जाऊ दे खड्ड्यात, आणि पुन्हा पांढरा शर्ट, खाकी पँट घालून बाहेर पडला. वल्लभनगरच्या एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला नाश्त्याच्या गाड्यांची ओळ लागते. तिथं त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यानं फोन काढला.

ओळ उठली. केळीवाला दत्तोबा सगळ्यात पुढं, केळीचा घड छातीशी धरून. इडलीवाला, सँडविचवाला, चहावाला, सगळ्या गाड्या खडखडत गल्लीत. धुरळा बसला तेव्हा एक गाडी जागेवर होती. तिच्यामागं एक बाई उभी होती. हातात उलथनं, कढईत पोहे, कपाळावर घाम. ती सुमनताई. बीडकडची. नवरा भोसरीत वॉचमन, पहाटे चारला उठून गाडी लावणारी.

ती ओरडली नाही. उलथनं वर करून तिनं त्याला बोलवलं.

"ये. काढ फोटो. किती काढायचेत तेवढे काढ. माझ्याकडं कागद हाय. आन् नसता तरी मी पळाले नसते."

"का?" धम्मरत्ननं विचारलं, कारण त्याला खरंच कळेना.

"चाक अडकलंय."

अडकलंच होतं. पुढचं चाक चेंबरच्या झाकणाच्या फटीत निम्मं आत गेलेलं. पण तेवढं सांगून झाल्यावर सुमनताईच्या तोंडाचं झाकण उघडलं. रोज यायचं, फोन दाखवायचा, गोरगरिबाला पळवायचं, आन् पगार आमच्याच करातून घ्यायचा. ऊन तिच्या उजव्या गालावर, पोह्यांची वाफ मागं, उलथनं हवेत, डोळे सरळ कॅमेऱ्यात. धम्मरत्नचं बोट आपोआप दाबलं गेलं.

त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. असा फोटो त्यानं आयुष्यात काढला नव्हता. गणराजनं आयुष्यात काढला नसेल. वाफेतून निघालेला तो चेहरा, ते डोळे. कथन म्हणे. हिच्यात कथनच कथन होतं. प्रदर्शन, बस, रोहिदास, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून झर्रकन गेलं.

तो आनंदाच्या भरात गाडीपाशी गेला आणि तिला सगळं खरं सांगायला लागला. ती ऐकत राहिली. गल्लीतून एकेक गाडीवाला बाहेर डोकावला, मग जवळ आला. दत्तोबा घडासकट आला. सगळ्यांनी मिळून धम्मरत्नची उलटतपासणी घेतली. रोज फोटो काढायचा? रोज. कुणी सांगितलं? कुणी नाही. ह्याचे किती मिळतात? काहीच नाही. मग साहेब वरचे खूश होतात का? मी साहेब नाही, चाकणला डिस्पॅचला आहे. इथं सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पोलीस असता तर एवढं खोटं बोलला नसता, असं दत्तोबाचं मत पडलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

सुमनताईनं उलथनं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दाखव."

त्यानं दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं.

"पुसून टाक."

"ताई, लाखात एक आलाय हा फोटो."

"लाखात असू दे. तो माझा न्हाई. तुझी आई हाय का?"

"आहे."

"तिचा असा लावशील भिंतीवर? तोंड वासलेलं, उलथनं उगारलेलं, डोक्यावर पदर नसलेला?"

धम्मरत्नची आई कस्तुराबाई चांगली हयात होती. असा फोटो भिंतीवर लागला असता तर तिनं तो भिंतीसकट उतरवला असता. तरी धम्मरत्नचं बोट पुढं जाईना. माणूस होता, मोह होता, आणि ऊन वर चढायला लागलं होतं. त्याच्या मनात आलं, की पुसला असं दाखवावं आणि ठेवून घ्यावा. कुणाला कळतंय? मग त्यानं वर पाहिलं. सुमनताई भांडतानासुद्धा अशी बघत नव्हती जशी आता बघत होती. ह्याच्यापुढं तिचं काही चालणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोन त्याच्या हातात होता.

त्यानं पुसला.

"तो डब्यात राहतोय," दत्तोबा म्हणाला. "पुसलेला फोटो आतल्या डब्यात महिनाभर राहतोय. माझ्या घरात त्याच्यावरून भांडण झालंय."

मग सगळ्यांच्या देखत डबाही रिकामा करावा लागला. धम्मरत्न ओव्हाळचा आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो अशा रीतीनं वल्लभनगरच्या रस्त्यावर, केळीवाल्याच्या देखरेखीखाली गेला.

तो फोन खिशात घालून निघाला. चार पावलं गेला असेल, मागून हाक आली.

"भाऊ. असा कुठं निघालास? तुला माणूस पाहिजेल ना? मी काढू देते की. पर माझ्यासारखा काढ."

ती जवळच्या चाळीत जावेकडं आवरायला जाणार होती. तोवर गाडी सांभाळायची होती धम्मरत्ननं. सगळ्यांनी मिळून आधी चाक वर काढलं, मग सुमनताई गेली आणि हा उलथनं घेऊन गाडीमागं उभा राहिला. आता ट्रॅफिकवाला पोहे विकतोय हे दृश्य पिंपरी-चिंचवडात रोज दिसत नाही. गिऱ्हाईक यायचं, त्याच्याकडं बघायचं आणि उगाच ताठ व्हायचं. एकानं प्लेट हातात घेण्याआधी डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि तसाच खायला लागला. दुसऱ्यानं लिंबू मागितलं आणि लगेच, नको साहेब, राहू द्या, म्हणाला. पोहे खाली लागले. वास सुटला. दत्तोबा केळी विकता विकता सांगत होता, की गॅस बारीक करा, पण आपण आयुष्यात ट्रक भरलेत, पोहे म्हणजे काय, ह्या तोऱ्यात धम्मरत्न हलवतच राहिला.

सुमनताई आली ती ओळखू येईना. हिरवी साडी, केस चापून बसवलेले, तोंडाला पावडर, कपाळावर मोठं कुंकू. तिनं आधी करपलेल्या कढईकडं बघितलं, ती उतरवून खाली लपवली. मग गाडीशेजारी उभी राहिली. दोन्ही हात मांडीला चिकटवलेले. मान सरळ. डोळे मोठे. ओठ गच्च.

"ताई, थोडं हसा."

"कशाला?"

"बरं, नका हसू. श्वास तरी घ्या."

"घेतला तर हलंल."

फ्रेममध्ये बोर्ड अर्धा कापला जात होता. तिनं ते कसं ओळखलं कोण जाणे, पण ओळखलं. 'सुमन नाश्ता सेंटर' पूर्ण आलं पाहिजे. धम्मरत्ननं समजावलं, की बोर्ड पूर्ण घ्यायला मागं जावं लागेल, मग तोंड बारीक येईल. ती म्हणाली, बोर्डावर नाव माझंच हाय ना, मग तोंड बारीक आलं तरी लोकांना कळंल. धम्मरत्न मागं गेला. रस्त्यावरच्या गाड्या दत्तोबानं हात करून थांबवल्या, आणि खाकी पँट समोर असल्यामुळं त्या थांबल्यासुद्धा. फोटो निघाला.

तिनं बघितला. मान हलवली. "आता ही मी," म्हणाली.

दिवस मावळायच्या आत धम्मरत्ननं तो ग्रुपवर टाकला आणि फोन उपडा ठेवून बसला. फोटो कसा आलाय हे त्याला कळत होतं. आंधळ्यालाही कळलं असतं. मधोमध बोर्ड, बोर्डाखाली गाडी, गाडीशेजारी खांबासारखी उभी एक बाई.

गणराजचं उत्तर आलं. ओव्हाळ सर, मनापासून सांगतो, हा पासपोर्टचा फोटो झाला. सहजता नाही. माणूस आपल्याला दिसत नाही, फक्त उभा केलेला दिसतो. असा फोटो धरता येईल असं वाटत नाही. त्याखाली दोघातिघांनी अंगठे दाखवले.

धम्मरत्नला लिहायला वेळ लागतो, आणि राग आला की बोटं चालतच नाहीत. त्यानं बोलूनच पाठवलं.

"गणराजभाऊ, माझ्या बापाचे उभ्या जन्मात दोन फोटो निघाले. एक कंपनीच्या गेटपासला, एक रेशनकार्डाला. दोन्ही वेळा समोरचा म्हणाला, हलू नको. आमची माणसं ताठ उभी राहतात ती ह्याच्यामुळं. ही बाई पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या बोर्डाखाली, साडी बदलून ताठ उभी राहिली. तुम्ही लिहिलं, अनोळखी माणूस पाहिजे. आहे. मर्जी पाहिजे. आहे. कॅमेऱ्यात बघणारा पाहिजे. ती तर पापणी न लवता बघतीय. सहजता पाहिजे असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी आत्ता ग्रुप सोडतो."

खालच्या मजल्यावरून "बरोबर आहे" असा आवाज आला. दीक्षा भांडी घासत होती, ती थांबली आणि पुन्हा घासायला लागली.

 ग्रुपवर एका बाईंनी नियम शब्दशः पुन्हा टाकला. मग दुसऱ्यानं लिहिलं, की नियमानं तर बसतोय. गणराज शिस्तीचा माणूस, स्वतः लिहिलेलं मोडायचा नाही. त्यानं लिहिलं, मान्य. आणि मान्य केलेला फोटो प्रदर्शनात लावला दाराच्या मागं, चपला काढायच्या जागेच्या वर. दार उघडं असलं की फोटो झाकला जाईल आणि बंद असलं तर कुणी आत येणार नाही, अशी ती जागा होती.

प्रदर्शनाच्या दिवशी रोहिदास सगळ्यात आधी हजर. दारातून आत गेला, सगळ्या भिंती फिरला, दारापाशी परत आला आणि धम्मरत्नला म्हणाला, की दाजी, तुमचं काही दिसत नाही. धम्मरत्ननं दार ओढलं. रोहिदासनं फोटो पाहिला, खालच्या चपला पाहिल्या, आणि तो काहीतरी बोलणार तेवढ्यात खिडकीतून वल्लभनगरची सगळी ओळ रस्त्यावरून येताना दिसली. सुमनताई पुढं, हिरव्या साडीत. मागं इडली, सँडविच, चहा. शेवटी इस्त्रीच्या शर्टात दत्तोबा.

सुमनताईला आपला फोटो दाराच्या मागं असल्याचं काहीच वाटलं नाही. तिनं दार बंद केलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे आता ते उघडणार नव्हतं. फोटो किंचित तिरका होता, तो बोटानं सरळ केला. सगळ्यांनी रांगेनं बघितला. बोर्ड वाचता येतोय, हे प्रत्येकानं मोठ्यानं वाचून सांगितलं. बाहेर अडकलेले पाहुणे दार वाजवत होते.

मग ती मंडळी बाकीचे फोटो बघायला निघाली. मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठी चौकट गणराजची. हातगाडीवर भर दुपारी झोपलेला एक माणूस, सदरा वर गेलेला, पोट उघडं, तोंड उघडं, ओठावर माशी. खाली लिहिलेलं: 'श्रमाची विश्रांती'. तिथं दत्तोबा थांबला तो थांबलाच.

सुमनताईनं फोटोकडं बघितलं, मग दत्तोबाकडं. "हे तू हायस?"

"मीच हाय की." त्याचा आवाज लहान झाला होता. "कवा काढला?"

गणराज धावत आला. पांढरा पडला होता बिचारा. त्यानं समजावून सांगितलं, की ह्याला सहज फोटो म्हणतात, आणि आधी विचारलं असतं तर ते जागे झाले असते.

"मग जागं झाल्यावर विचारायचं," सुमनताई म्हणाली. "आमाला घाई नव्हती."

 दत्तोबानं कुणाची परवानगी विचारली नाही. त्यानं ती मोठी चौकट खिळ्यावरून उचलली, उलटी केली आणि तशीच पुन्हा टांगली. पोट भिंतीकडं, मागचा पांढरा कोरा पुठ्ठा लोकांकडं. शेजारच्या चौकटीत पाणी भरायला रांगेत बसलेल्या बायका होत्या. त्यातली एक चहावाल्याची बहीण निघाली. तीही उलटी झाली. मग इडलीवाल्यानं आपला मामा शोधून काढला, रिक्षात पाय वर करून झोपलेला. मधली भिंत हळूहळू पांढरी होत गेली.

धम्मरत्न हे सगळं बघत होता. त्याला वाटत होतं, की आता प्रदर्शन मोडलं, हे आपल्यामुळं झालं, आणि बसमध्ये हे जन्मभर ऐकावं लागणार. तो गणराजकडं जायला निघाला, माफी मागायला का भांडायला हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. तेवढ्यात दत्तोबानं त्याचा दंड धरला.

"भाऊ, ही मागची बाजू चांगली पांढरी आलीय. हितं माझा एक घे. उभा."

आणि तो त्या कोऱ्या पुठ्ठ्यापुढं जाऊन उभा राहिला. हात मांडीला. मान ताठ. श्वास बंद. धम्मरत्ननं फोन काढला, आडवा धरला, एक डोळा बारीक केला. कुणी हललं नाही. उलट दत्तोबाच्या मागं इडलीवाला येऊन थांबला, त्याच्यामागं मघाशी फोन करून बोलवलेला त्याचा मामा, आणि दार उघडल्यावर आत आलेले पाहुणेसुद्धा, काय चाललंय ते न विचारता, रांगेला लागले. गणराज खिडकीपाशी उभा होता. सुमनताईनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं, सावली पडत होती. तो झाला. थोड्या वेळानं त्यानंच येऊन पडदा वर धरला आणि हळूच धम्मरत्नला म्हणाला, की सर, उजेड डावीकडून घ्या, चेहरा उठून येईल. घेतला. उठून आला.

दुपारपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली. रोहिदास कडेकडेनं पुढं सरकत धम्मरत्नच्या कोपरापाशी आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दाजी, माझा एक."

धम्मरत्ननं फोनवरची नजर काढली नाही.

"रांगेत ये."

रोहिदास जिन्यापर्यंत गेला, शेवटच्या माणसाच्या मागं उभा राहिला आणि मागच्या खिशातून त्यानं कंगवा काढला.